अंदमानची साडेतीन वर्षे



अंदमान हे नाव मराठी माणसास नवे नाही. महाराष्ट्राबाहेरची जी थोडी स्थळे आपल्या घराघरांतून आदराने, आणि थोड्या धाकानेही, उच्चारली जातात त्यांत या बेटाचा क्रम बराच वर लागेल. सावरकर बंधूंची जन्मठेप, तेलाचा कोलू, नारळाचा काथ्या, दंडाबेडी, तिसऱ्या मजल्यावरची ती टोकाची कोठडी, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९२१ साली सावरकर बंधूंना तेथून हिंदुस्थानात आणले. मागाहून आलेल्या राजबंद्यांनी १९३३ व १९३७ साली उपोषणे केली, आणि १९३८ च्या आरंभी त्यांतले अखेरचे परतले. तेथे आपल्या मनातल्या अंदमानच्या कथेवर पडदा पडतो. मग एकदम ३० डिसेंबर १९४३ उजाडतो, नेताजी सुभाषचंद्र बोस तेथे तिरंगा फडकवितात, आणि पडदा पुन्हा पडतो.

या दोन पडद्यांच्या मागे माणसे होती. ती कोण होती, १९४२ च्या मार्चपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंतची साडेतीन वर्षे त्यांनी कशी काढली, आणि आज तेथे जाणाऱ्यास त्याची काय खूण दिसते, हा प्रश्न मनाशी घेऊनच आम्ही पाच स्नेही गेल्या हिवाळ्यात अंदमानास गेलो. कारागृहाचे दर्शन घेतलेच. ते घेतल्यावाचून कोणता मराठी माणूस परतेल? पण आज त्याविषयी आम्ही फारसे बोलणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले आहे, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी वाचले आहे.

नावांविषयी आरंभीच एक खुलासा. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम असे झाले. समोरचे रॉस बेट २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, आणि हॅवलॉक बेट स्वराज द्वीप झाले आहे. ज्या काळाविषयी बोलायचे त्या काळची नावे आम्ही वापरू. शेवटच्या नावाकडे मात्र आपणास पुन्हा यावे लागेल.

पहिल्या दिवशी आम्ही रॉस बेटावर गेलो. ॲबर्डीनच्या धक्क्यावरून मोटारलाँचने पाव तासाची वाट. बेट एवढेसे, की सावकाश पावले टाकीत तासा-दीड तासात सगळे फिरून होते. पण एके काळी साऱ्या अंदमानाचा कारभार येथून चाले. साहेबांचा बंगला, चर्च, क्लब, पाव भाजण्याची भट्टी, नाचाचा दिवाणखाना, सारे येथे होते. काळ्या पाण्याची शिक्षा समोरच्या किनाऱ्यावर आणि गोरे सुख या किनाऱ्यावर, मध्ये थोडे पाणी. आज त्या भिंतींवर वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळे अशी लपेटली आहेत की भिंत झाडाला धरून उभी आहे की झाड भिंतीला, हे सांगता येत नाही. चितळांचे कळप माणसाला न भिता हिंडतात. २६ जून १९४१ च्या भूकंपाने या बेटाचे कंबरडे मोडले. समोरच्या कारागृहाचीही त्याने बरीच पडझड केली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत जपानी आले.

त्यांची खूण धक्क्यावर उतरताच दिसते. काँक्रीटचा एक ठेंगणा बंकर, समुद्राकडे तोंड केलेला, आत जेमतेम दोन-चार माणसे उभी राहतील एवढा. पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्यावर कॉर्बिन्स कोव्हकडे जाताना असेच आणखी बंकर लागतात. त्यांच्यावर बसून प्रवासी छायाचित्रे काढून घेतात. आमच्या मंडळींनीही काढली. खोटे कशाला बोलावे?

आता थोडा इतिहास सांगितल्याखेरीज गत्यंतर नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले. नकाशा डोळ्यांपुढे आणा. अंदमान हे कलकत्त्यापासून आणि मद्रासपासून दूर, पण ब्रह्मदेशाला जवळ. रंगून गेल्यावर ही बेटे राखणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. तेथील गुरखा पलटण त्यांनी मार्चमध्येच काढून घेतली. साहेब लोकांपैकी बहुतेक, आणि काही हिंदी कुटुंबेही, बोटींनी निघून गेली. चीफ कमिशनर वॉटरफॉल मूठभर सहकाऱ्यांसह मागे राहिले. बाकीची सुमारे वीस हजार माणसे होती तेथेच राहिली, कारण त्यांना जाण्याजोगी दुसरी जागाच नव्हती.

ही माणसे कोण, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. १८५८ पासून येथे आणलेल्या कैद्यांपैकी ज्यांची शिक्षा संपली, किंवा ज्यांना बाहेर राहण्याची मुभा मिळाली, त्यांनी येथेच संसार थाटले. मद्रासचा नवरा, पंजाबची बायको, भाषा मोडकी हिंदुस्थानी. सोयरीक जुळविताना जात विचारावी तर दोन्हीकडच्यांना आपापले पूर्वज आठवावे लागत, आणि ते आठवण्यात कोणासच फारसा उत्साह नसे. यांच्या मुलांना 'लोकल बॉर्न' म्हणत, अजूनही म्हणतात. त्यांत १९२१ च्या बंडानंतर मलबारहून आणलेले मोपले होते, उत्तरेकडचे भांतू होते, ब्रह्मदेशातून आलेले करेन होते. शिपाई, कारकून, शाळामास्तर, सुतार, चॅथमच्या लाकूड-गिरणीतले कामगार. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून यांतील कोणाचे नाव येण्याचा संभव नव्हता. ते नुकतेच कुठे कैद्यांची प्रजा हा शिक्का पुसून गृहस्थ म्हणून जगू लागले होते.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी उतरले. त्यांस कोणी विरोध केला नाही. कारागृहाची दारे उघडून कैदी सोडून दिले, आणि आशियाच्या मुक्तीची भाषा सुरू झाली. पुष्कळांना ती खरी वाटली, आणि का वाटू नये? ज्यांनी गोऱ्या साहेबाला घाईघाईने बोटीत चढताना डोळ्यांनी पाहिले, त्यांना नवा पाहुणा बरा वाटला तर नवल नाही.

हा भ्रम थोड्याच दिवसांत फिटला. जपानी शिपाई गावात कोंबड्या पकडीत हिंडत होते. जुल्फिकार अली नावाच्या एका तरुणाने संतापून आपली छऱ्याची बंदूक झाडली. कोणी मेले नाही. शिपाई परत गेले, आणि मोठ्या संख्येने पुन्हा आले. आळीतल्या घरांना आगी लागल्या. अखेर तो मुलगा त्यांच्या हाती पडला. त्याला मैदानात आणून सर्वांदेखत हालहाल करून गोळी घातली. त्याचे स्मारक आज गावात आहे. त्यापुढे आम्ही उभे राहिलो तेव्हा शेजारून शाळेची मुले आरडाओरडा करीत घरी चालली होती. बर्ड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याचे हेरगिरीच्या आरोपावरून लोकांसमोर शिर उडविले, तेही याच दिवसांतले. वॉटरफॉल कैदेत गेले.

पुढची तीन वर्षे म्हणजे वेठबिगार, उपासमार आणि संशय. विमानांसाठी धावपट्टी हवी होती. ती गावकऱ्यांना जुंपून बांधून घेतली. अंदमानास विमानाने जाणारा प्रवासी आज ज्या विमानतळावर उतरतो त्याचा आरंभ त्या धावपट्टीत आहे. २००२ पासून त्यास वीर सावरकरांचे नाव आहे, ते वाचून आपली छाती भरून येते. ज्यांच्या पाठीवर ती जमीन सपाट झाली त्यांच्याविषयी मात्र तेथे उतरणाऱ्यास काही ठाऊक नसते. सैनिकांसाठी परदेशांतून बायका आणून कोंडल्या होत्या, त्यांत कोरियाच्या मुली होत्या. त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

येथे जरा वाट सोडून एका प्राण्याविषयी सांगतो. पावसाळी ओल असली की अंदमानच्या परसांतून मुठीएवढ्या मोठ्या गोगलगाई निघतात. केळी, पपई, भाजीपाला, काही म्हणता काही शिल्लक ठेवीत नाहीत. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेची. युद्धकाळात सैन्याला खाण्यासाठी म्हणून जपान्यांनी ती येथे आणली, असे प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. सैन्य गेले, गोगलगाय राहिली. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. तेथील शेतकरी ती शब्दशः अनुभवीत आहे. त्या राजवटीचे जिवंत उरलेले अवशेष मोजायचे झाले तर प्रथम हिलाच मोजावे लागेल.

अंदमानात भात पुरेसा कधीच पिकत नव्हता. तो ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून यायचा. दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या जपानी जहाजे बुडवू लागल्या तशी कोठारे रिकामी होत चालली. लोक रताळी आणि टॅपिओकाचे कंद यांवर दिवस काढू लागले. आम्ही जेथे उतरलो होतो तेथील वृद्ध घरमालक ताटात टॅपिओका आला की ताट बाजूला सारीत. लहानपणी आईने एवढ्या एका वस्तूवर वाढविले, आता आयुष्यात पुन्हा नको, असे त्यांनी आम्हांस हसत हसत सांगितले. हे हसणे कसे होते, ते येथे करून दाखविता येणार नाही.

उपासमारीहून वाईट होता तो संशय. जहाजे बुडतात, म्हणजे कोणी तरी खबर देत असले पाहिजे. खबर देणारे खरोखरच होते. पोर्ट ब्लेअरला पूर्वी पोलीस अधिकारी असलेले मॅकार्थी आणि त्यांचे साथीदार यांना १९४३ च्या जानेवारीत एका डच पाणबुडीने मध्य अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर गुपचूप उतरविले. घनदाट अरण्यात लपून त्यांनी बेटांची टेहळणी केली, आणि ते परतले. पुढेही अशा तुकड्या आल्या. जपान्यांच्या हाती त्या लागल्या नाहीत. हाती होते ते गावातले लोक. ज्यांना इंग्रजी येत होते, ज्यांनी इंग्रजांची चाकरी केली होती, ज्यांचे गावात वजन होते, असे लोक पकडून त्याच कारागृहात घातले गेले. खरे हेर रानात, आणि त्यांच्या कामाची किंमत गावाने भरली! युद्धशास्त्रात ही कामगिरी मोठ्या धाडसाची म्हणून नोंदलेली आहे, आणि ती तशी होतीही. पण त्या कामगिरीच्या हिशेबात ही खर्चाची बाजू कोणी मांडीत नाही.

या पकडलेल्यांत डॉक्टर दिवान सिंग होते. पंजाबात जन्मलेले, १९२७ साली सरकारी डॉक्टर म्हणून अंदमानात आलेले, आणि पंजाबी भाषेतले कवी. 'वगदे पाणी' हा त्यांचा काव्यसंग्रह १९३८ साली प्रसिद्ध झाला. 'कालेपानी' हे नाव त्यांनी स्वतःच्या नावापुढे लावून घेतले, आपण ज्या शब्दाला भितो तो त्यांनी आडनावासारखा वापरला. सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुला असा गुरुद्वारा त्यांनी उभारला होता. जपानी अमलात ते इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तेथील प्रमुख होते, म्हणजे जपान्यांच्या दृष्टीने आपलेच म्हणावयाचे. पण सैनिकांच्या चैनीसाठी गुरुद्वाराची जागा मागितली तेव्हा त्यांनी ती देण्याचे नाकारले, लोकांची गाऱ्हाणी घेऊन ते अधिकाऱ्यांपुढे जात राहिले. १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांना हेर ठरवून पकडले. ८२ दिवस त्यांचा छळ चालला. मारणे, टांगणे, जाळणे, सारे झाले. कबुलीजबाब मिळाला नाही. १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी कारागृहातच देह ठेवला.

या तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऑक्टोबर १९४३ ते १४ जानेवारी १९४४. आणि २९ ते ३१ डिसेंबर १९४३ या तीन दिवसांत नेताजी अंदमानात होते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, येथे वक्त्याने बोलणे थांबवावे असे आपल्यापैकी काहींना वाटेल, आणि त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण आम्ही थांबणार नाही. ६ नोव्हेंबर १९४३ रोजी जपानचे पंतप्रधान तोजो यांनी ही बेटे आझाद हिंद सरकारच्या हवाली करण्याची घोषणा केली होती. नेताजींनी अंदमानास शहीद आणि निकोबारास स्वराज ही नावे दिली. ३० डिसेंबर रोजी जिमखाना मैदानावर त्यांनी ध्वज उभारला. ते कारागृहही पाहावयास गेले. क्रांतिकारकांच्या कोठड्यांना त्यांनी वंदन केले. त्याच इमारतीत त्या वेळी आपल्याच देशाची माणसे वेदनेने विव्हळत होती. ती त्यांच्या दृष्टीस पडू दिली नाहीत. जपानी अधिकारी क्षणभरही त्यांच्याभोवतालून हलले नाहीत, आणि लोकांशी मोकळेपणी बोलण्याची संधी त्यांना मिळाली नाही, असे बहुतेक अभ्यासकांनी लिहिले आहे. त्यांच्या मनात काय होते याचा न्याय करावयास आम्ही येथे उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की त्या ध्वजाकडे पाहताना पलीकडच्या कोठडीकडेही पाहिले तर ध्वजाचा मान उणा होत नाही. उलट, दुसऱ्याच्या संगिनीच्या आधाराने स्वातंत्र्य मिळविताना माणसास किती एकाकी व्हावे लागते, हे त्या तीन दिवसांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

सत्ता हवाली झाली ती कशी, हेही ऐका. आझाद हिंद सरकारचे प्रतिनिधी म्हणून लोकनाथन हे फेब्रुवारी १९४४ मध्ये पोर्ट ब्लेअरला आले. हेही व्यवसायाने डॉक्टरच. पोलीस खाते जपान्यांनी सोडले नाही. पोलीस नसेल तर इतर खाती घेऊन करायचे काय, म्हणून लोकनाथन यांनी प्रत्यक्षात शिक्षणखाते तेवढे हाती घेतले. पुढे लाल किल्ल्यातील खटल्यात बचावाच्या बाजूने साक्ष देताना त्यांनी हे स्वतःच सांगितले. राज्य आपले, आणि हाती फक्त शाळा!

लोकनाथन येण्यापूर्वीच, ३० जानेवारी १९४४ रोजी, चव्वेचाळीस हिंदी माणसांना हेरगिरीच्या आरोपाखाली होमफ्रेगंज या ठिकाणी नेऊन गोळ्या घातल्या. ध्वज उभारल्याला पुरता महिना होत होता. त्यांत नेताजींना मानणाऱ्या लीगचे सभासदही होते.

होमफ्रेगंजला जाण्याचा बेत आम्ही गाडीवाल्याला सांगितला तेव्हा तो बुचकळ्यात पडला. "वहाँ कुछ नहीं है साहब," तो म्हणाला, आणि त्याने आम्हांस दुसऱ्या तीन रम्य स्थळांची नावे सुचविली. आम्ही हट्ट धरला. रस्ता गावाबाहेर पडून नारळी-सुपारीच्या बागांमधून जातो. स्मारक साधे आहे. आम्ही होतो तेवढ्या वेळात दुसरे कोणी आले नाही. गाडीवाला प्रथम गाडीतच बसून होता. मग उतरला, आमच्याजवळ येऊन उभा राहिला, आणि काय झाले होते ते विचारू लागला. त्याचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून या बेटांवर आले होते. त्याच्या घरात ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती, कारण त्याच्या घराला ती ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

विस्मरणाचे एक कारण तेथेच आमच्या हाती आले. फाळणीनंतर हजारो बंगाली निर्वासितांना अंदमानात वसविले, मागाहून दक्षिणेकडचे लोक आले, आणि जुने 'लोकल बॉर्न' आपल्याच बेटांवर थोडे झाले. दुसरे कारण असे, की ही कथा कोणाच्याच सोयीची नव्हती. इंग्रजाला ती नको, कारण त्याने प्रजा टाकून पाय काढला होता. स्वतंत्र भारताला ती अवघड, कारण मैदानावरच्या ध्वजाचे चित्र त्याने काळवंडते असे वाटले. जपानने ती सांगावी ही अपेक्षा व्यर्थच.

सर्वांत भयंकर प्रकार अखेरीस घडला. १९४५ च्या ऑगस्टात अन्न संपत आले होते. कामाला निरुपयोगी झालेली तोंडे कमी करावयाची, असे अधिकाऱ्यांनी ठरविले. दुसऱ्या बेटावर शेतीसाठी नेतो, असे सांगून म्हाताऱ्यांना, दुबळ्यांना, बायकामुलांना बोटींत भरले. हॅवलॉक बेटाजवळ रात्रीच्या अंधारात त्यांना समुद्रात उड्या टाकावयास लावले. किती होते? कोणी तीनशे म्हणतात, कोणी सातशे. पुष्कळ बुडाले. जे किनाऱ्याला लागले त्यांतले बहुतेक त्या निर्मनुष्य बेटावर उपासमारीने मेले. जिवंत सापडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जपानने शरणागती जाहीर केली ती १५ ऑगस्ट रोजी, म्हणजे त्याच महिन्यात.

हॅवलॉकच्या राधानगरचा किनारा आशियातल्या सुंदर किनाऱ्यांत गणला जातो. पांढरी वाळू, मागे उंच झाडी, पाण्याचा रंग असा की वर्णन करणाऱ्याची फजिती व्हावी. तेथल्या गावांची नावे गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. निर्वासितांनी आपला कृष्ण बरोबर आणला. आमच्या हातातल्या सहलीच्या पत्रकात पोहणे, पाण्याखालची प्रवाळे आणि सूर्यास्त यांच्या वेळा दिल्या होत्या. आणि बेटाचे नाव आता स्वराज द्वीप. नेताजींनी योजिलेल्या नावाचे स्मरण म्हणून ते दिले, आणि हेतू चांगलाच आहे. पण ज्या बेटाकडे पोहत येताना ती माणसे बुडाली नेमके त्याच बेटाच्या वाट्यास ते नाव आले, हे सांगितल्यावर आमच्यातला एक जण, जो एरवी घडाघडा बोलतो, तो संध्याकाळपर्यंत गप्प होता.

९ ऑक्टोबर १९४५ रोजी जिमखाना मैदानावर जपानच्या व्हाइस ॲडमिरल हारा यांनी ब्रिगेडियर सॅलोमन्स यांच्यापुढे शरणागतीपत्रावर सही केली. उतरलेल्या फौजेत बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. मैदान तेच, ध्वजाचे. परत येताच इंग्रजांनी काळ्या पाण्याची वसाहत कायमची मोडली आणि कैद्यांना घरी जाण्याची मोकळीक दिली. पुष्कळ जण गेले. पुष्कळ राहिले, कारण घर तेथेच झाले होते.

आपल्याकडून दर वर्षी शेकडो मंडळी अंदमानास जातात. त्यांनी कोठडीपुढे माथा टेकावा, तो टेकलाच पाहिजे. त्यानंतर एक सकाळ राखून ठेवावी. प्रथम त्या मैदानावर जावे, मग दिवान सिंगांच्या नावाच्या गुरुद्वारात, आणि मग होमफ्रेगंजला. गाडीवाला तेथे काही नाही असे म्हणेल. तरी त्याला गाडी तिकडेच घ्यावयास सांगावे, आणि पोहोचल्यावर त्यालाही खाली उतरावयास सांगावे.